कुंकवाखालचा दिवा

मला पोहे आवडतात. पोह्यांच्या बशीभोवती आमच्याकडं जे काही मांडलं जातं, त्याची मात्र मला शिसारी आहे. बघण्याचा कार्यक्रम भिंतीवरच्या पडद्यावर आला तेव्हा वाटलं होतं, आता निदान बशी तरी जाईल. तीही गेली नाही. मुलगा रामेश्वरच्या पुढं समुद्रात, पवनचक्क्यांच्या तळावर. त्याचे आईवडील फलटणला. आम्ही कराडला, आमच्या हॉलमध्ये. तरी आईनं पोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर घातली आणि एक बशी मुलासाठी म्हणून टीपॉयवर भिंतीसमोर ठेवली. भिंतीवरचा शार्दूल पुसाळकर आधी त्या बशीकडं बघून हसला, मग माझ्याकडं. म्हणूनच मला तो बरा वाटला. कार्यक्रम संपल्यावर ती बशी बाबांनी संपवली.

मी गार्गी कोपर्डेकर. लोकांचे कान तपासते आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना यंत्र बसवून देते. स्टँडच्या मागं माझा छोटा दवाखाना आहे आणि दर बुधवारी पाटणला शिबिर असतं. दवाखाना माझा आहे, कुणी मला घालून दिलेला नाही. हे वाक्य मी बघण्याच्या कार्यक्रमातही म्हटलं होतं. तेव्हा पुसाळकर काकू म्हणाल्या होत्या, "छान हो. मुलीला छंद असावा."

भिंतीखाली शोकेसच्या कडेला ती पेटी होती. हल्ली सगळ्यांच्याच घरी असते, त्यामुळं तिच्याकडं कुणी नीट बघत नाही. पडदा, कॅमेरा, माइक, स्पीकर, इंटरनेट, सगळ्यांच्या तारा तिच्या पाठीत शिरतात आणि कुणाचं चित्र कुणाला दाखवायचं, कुणाचा आवाज कुठं पाठवायचा हे ती ठरवते. पुढच्या बाजूला ओळीनं पाच बारीक दिवे. लाल म्हणजे वीज आहे. हिरवा म्हणजे जोडणी चालू. पिवळा म्हणजे जोडणी कमजोर. पांढरा म्हणजे आपलं चित्र पलीकडं जातंय. पाचव्या, निळ्या दिव्याबद्दल बसवायला आलेला माणूस बाबांना बरंच काही सांगत होता. बाबा "हो, हो" म्हणाले आणि त्याला चहा दिला.

पेटी बसवली त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी मिक्सरपासून माझ्या कान तपासायच्या यंत्रापर्यंत सगळ्यांची पूजा होते. आईनं पेटीलाही हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. बाकीचे दिवे अधूनमधून लागायचे, पाचवा अजून एकदाही लागला नव्हता. तिला ती मोकळी, गोल जागा कुंकवासाठीच ठेवल्यासारखी वाटली. ओल्या कुंकवाचा जाड ठिपका तिनं बरोबर त्यावर दिला. वाळून त्याची खपली झाली. पूजेचं कुंकू मुद्दाम पुसायचं नसतं, आपोआप जाईल तेव्हा जाईल, असं आईचं म्हणणं. ते काही गेलं नाही.

आता थोडं विज्ञान सांगते, कारण त्याशिवाय पुढची घाण कळायची नाही.

माणसाचा मेंदू ऐकताना सर्रास थापा मारतो. एक वाक्य ध्वनिमुद्रित करा, त्यातलं एक अक्षर कापून टाका आणि त्या जागी खोकला भरा. ऐकणाऱ्याला अख्खं वाक्य ऐकू येतं. अक्षर नव्हतंच असं सांगितलं तरी त्याला पटत नाही. मागचंपुढचं बघून मेंदू मधली जागा भरतो आणि भरल्याचं आपल्याला कळूही देत नाही. फोनवाले तेच शिकले. वाटेत आवाजाचा एखादा कण हरवला की आधीच्या कणांवरून अंदाज करून तो भरायचा. डोळ्याचं पातं लवायच्या आत होणारी ही ठिगळं पूर्वीच्या साध्या फोनमध्येही होती आणि त्यात वावगं काही नव्हतं.

मग ठिगळ मोठं होत गेलं. पेटी रोज आपल्याला बघते, ऐकते. कुठल्या शब्दावर आपण भुवई उचलतो, कुठं हसतो, कशाला काय उत्तर देतो, यावरून ती आपला एक नमुना तयार करते. जोडणी तुटली की तो नमुना आपल्या जागी बोलत राहतो. आधी काही क्षण, पुढं काही मिनिटं, आता हवा तितका वेळ. नमुन्याची एक प्रत पलीकडच्या पेटीतही ठेवलेली असते, म्हणजे तार पूर्ण तुटली तरी बोलणं अडत नाही. शिवाय चित्रात जे नको ते पेटी गाळते. आमच्या दोरीवरचे टॉवेल, कुकरची शिट्टी, बाबांची शिंक, हे सगळं तिच्या लेखी व्यत्यय.

नमुना कशासाठी घडवायचा, हे विकणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. संभाषण तुटू नये यासाठी. भांडणानं संभाषण तुटतं, म्हणून नमुना भांडत नाही.

कायद्यानं एकच अट घातली. समोर दिसणारा माणूस खरा नसेल तर बघणाऱ्याच्या पेटीवर निळा दिवा लागलाच पाहिजे आणि तो कुठल्याही बटणानं बंद करता येता कामा नये. आपल्या बाजूनं नमुना बोलत असेल तर आपला पांढरा दिवा लुकलुकतो. कायदा करणाऱ्यांनी सगळा विचार केला होता. खंडेनवमीचा केला नव्हता.

लग्न ठरलं. साखरपुड्याला पुसाळकर काका-काकू स्वतः फलटणहून आले. अंगठी काकूंनीच माझ्या बोटात घातली आणि शार्दूलनं भिंतीवरून टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं बोलू लागलो, आणि खोटं कशाला सांगू, मला रविवारची ओढ लागली.

पाटणच्या ज्ञानू आबांची गोष्ट मी त्याला सांगितली होती. त्यांना यंत्र बसवलं तेव्हा कित्येक वर्षांनी त्यांना पहिल्यांदा ऐकू आली ती स्वतःच्या चपलांची करकर. ते इतके दचकले की चपला काढून हातात घेऊन बघत बसले. ही गोष्ट ऐकून बाकीचे सगळे हसले होते. शार्दूलनं मात्र विचारलं, "मग त्यांनी चपला बदलल्या, की त्याच ठेवल्या?"

त्याच ठेवल्या होत्या. मुद्दाम आवाज करत चालायचे. हे विचारणारा माणूस मला आयुष्यभर चालेल, असं मला त्या संध्याकाळी वाटलं.

लग्न वैशाखातलं. चैत्रात आईनं घर काढलं, म्हणजे झाडूनपुसून घ्यायला. एका रविवारी मी हातात ओलं फडकं घेऊनच शार्दूलशी बोलत होते. तो सांगत होता, समुद्रात सूर्य मावळताना पवनचक्कीची पाती तांबूस होतात. ऐकता ऐकता मी शोकेस पुसली, मग पेटी. कुंकवाची खपली फडक्याला लागून निघाली.

खालून निळा दिवा लख्ख दिसला. लागलेला होता.

मी दिव्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. भिंतीवरचा शार्दूल भुवई किंचित उचलून माझ्या बोलण्याची वाट बघत होता. हिरवा दिवा स्थिर होता, पिवळा विझलेला. म्हणजे जोडणी चांगली होती. समोर माणूसच नव्हता.

"शार्दूल," मी म्हटलं, "मला तुझ्याशी लग्न करायचं नाही."

"दमलीयस तू आज," तो मऊ आवाजात म्हणाला. "बोल, मी ऐकतोय."

"तुझी आई मला अजिबात आवडत नाही."

"वेळ दे तिला थोडा. आणि स्वतःलाही दे."

"आमच्या दारात गाढव आलंय आणि ते तुझं नाव घेतंय."

तो हसला. डोळ्यांच्या कडांना त्याच त्या सुरकुत्या. "तुझं हे असं बोलणंच मला आवडतं."

गोड शिरा खाताना दाताखाली केस यावा आणि तो ओढत गेलं की लांबच लांब निघत राहावा, तसं झालं मला. मागचे सगळे रविवार घशाशी आले. मी बेसिनपाशी जाऊन चूळ भरली. मागं भिंतीवर तो अजून शांतपणे वाट बघत होता.

अडीअडचणीला म्हणून त्याच्या तळावरचा साधा फोन नंबर माझ्याकडं होता. तो लावला. बऱ्याच वेळानं उचलला गेला. मागं वारा घोंघावत होता. आवाज ओळखीचा होता, पण जाडा आणि चिडका.

"कोण? गार्गी? काय झालं, घरी सगळं बरं आहे ना?"

"आत्ता भिंतीवर माझ्याशी कोण बोलतंय?"

"अगं, ड्युटीवर आहे मी. पहिले काही रविवार मी होतो की. मग पाळ्या बदलल्या. तुझ्याकडं निळा दिवा लागतोच ना? तू कधी काही बोलली नाहीस. मला वाटलं, तुला चालतंय."

"ज्ञानू आबांच्या चपलांचं तूच विचारलंस?"

"कोण ज्ञानू आबा?"

तो बोलत राहिला, आणि त्याच्या बोलण्यात लाज नावालाही नव्हती. "खरं सांगू? तो माझ्यापेक्षा बरं बोलतो. मी असा तुसडा माणूस. तुला तो आवडला असेल तर बरंच आहे ना. आणि तूही तेच करतेस की. आई म्हणत होती, बुधवारी तू तिच्याशी बोलतेस तेव्हा तिच्याकडं निळा लागलेला असतो."

"बुधवारी मी पाटणला असते."

"तेच तर. पण आई खूष आहे तुझ्यावर. दवाखाना सोडायचं कबूल केलंस, फलटणला राहीन म्हणालीस. तिला काळजी होती, मुलगी हट्टी निघते की काय."

मी फोन ठेवला आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. पाणी कुठं सोडायचं आणि कुठं अडवायचं हे आयुष्यभर त्यांनी बसल्या जागेवरून ठरवलं. त्यांनी काही लपवलं नाही. लपवायचं असतं हेच त्यांच्या गावी नव्हतं.

"बुधवारी तू नसतीस," ते म्हणाले. "त्या बाई वाट बघत बसायच्या. पेटीत सोय आहे, लावली. त्यात काय एवढं?"

"माझा दवाखाना बंद करायचं मी कबूल केलंय, बाबा. माझ्या पाठीमागं."

"बोलणं आहे ते. बोलण्यानं कुठं दवाखाना बंद होतोय? लग्न झाल्यावर बघता येईल."

"आणि शार्दूल? तोही खोटाच होता इतके दिवस."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "आमचं लग्न ठरलं तेव्हा मी तुझ्या आईचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता. तुला दर आठवड्याला ऐकायला मिळतोय. कुणाचा का असेना, गोड आहे ना?"

मला माझ्या बापाची किळस आली. हे वाक्य लिहायला बरं वाटत नाही, पण आली. मी त्यांना सांगितलं, आत्ताच्या आत्ता तो नमुना बंद करा आणि काकूंना कळवा, मी दवाखाना सोडणार नाही. ते "बरं" म्हणाले. ते "बरं" मी लहानपणापासून ओळखते, म्हणून त्या बुधवारी शिबिर पुढं ढकललं आणि दुपारी अचानक घरी आले.

दार नुसतं लोटलेलं होतं. हॉलमध्ये आई एकटीच बसली होती. मांडीवर शेंगांचं ताट, पण सोलायचं राहून गेलेलं. भिंतीवर पुसाळकर काकू होत्या, फलटणच्या त्यांच्या खोलीत, हातात चहाचा कप. पेटीवर निळा दिवा नव्हता. म्हणजे काकू खऱ्या होत्या. पांढरा दिवा लुकलुकत होता.

आपलं जे चित्र पलीकडं जातं ते पडद्याच्या कोपऱ्यात लहान चौकटीत दिसतं. तिथं मी होते. मोतिया रंगाची साडी, जी माझ्याकडं नाही. केस नीट मागं बांधलेले. काकूंना मी काकू म्हणते. चौकटीतल्या बाईनं मला न विचारता त्यांना आई करून टाकलं होतं.

"हो आई, दवाखान्याचं सामान विकायचंच आहे," ती म्हणाली. माझा आवाज, माझा हेल. शब्दाच्या शेवटी आवाज थोडा खाली येतो, तोही माझाच. "फलटणला आल्यावर मला घरातच इतकं काम असेल."

"गुणाची गं माझी," काकू म्हणाल्या.

आईचे डोळे भरून आले होते. ते काही दुःखानं नव्हे. मी आलेली बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं, मंदिरात ठेवतात तसं.

"आई, बंद कर ते."

"थांब की जरा. किती छान बोलतीस बघ." ती भिंतीकडंच बघत होती. "माझ्याशी कधी अशी बोलली नाहीस."

मी पुढं होऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. माणूस समोर आला की नमुन्यानं बाजूला व्हायचं, असं असतं. पण त्यासाठी पेटीला माणूस ओळखावा लागतो. मी उन्हातून आलेली, केस विस्कटलेले, चेहरा तापलेला, आवाज चढलेला. इतक्या महिन्यांत पेटीनं जिला घोटून घोटून मी म्हणून तयार केलं होतं, तिच्याशी माझं काहीच जुळेना.

"काकू, मी दवाखाना सोडणार नाही," मी ओरडले. "ती मी नाही. मी ही इथं आहे."

कोपऱ्यातल्या चौकटीत मी कुठंच दिसत नव्हते. दोरीवरचे टॉवेल गाळतात तसं पेटीनं मला गाळलं होतं. मोतिया साडीतली तिथंच बसून होती. तिनं मान किंचित कलती केली आणि काकूंना विचारलं, "चहात आलं घालता का हो तुम्ही?" काकूंनी रेसिपी सांगायला सुरुवात केली. पांढरा दिवा आपला लुकलुकतच होता.

मी हात पुढं केला, बोटं कॅमेऱ्यावर नाचवली. चौकटीत बोटंही नव्हती. आपलाच हात आपल्याला दिसत नाही, ही गोष्ट सांगून कळायची नाही. मग मी पेटीमागं हात घातला आणि हाताला लागेल ती तार उपसली. कॅमेऱ्याची निघाली, माइकची निघाली, इंटरनेटची निघाली, पडद्याची निघाली. हिरवा दिवा गेला, पांढरा गेला. भिंत काळी झाली.

"अगं, काय केलंस हे?" आई उठली. शेंगा जमिनीवर पसरल्या. "अर्ध्यातच तोडलंस. त्या बाईंना काय वाटंल?"

"तेच विचारते त्यांना," मी म्हटलं आणि काकूंना साधा फोन लावला. पहिल्यांदा त्यांनी कापला. पुन्हा लावला. तोही कापला. तिसऱ्यांदा उचलला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "कोण बोलतंय?"

"काकू, मी गार्गी."

"नंतर कर हं फोन. मी गार्गीशी बोलतेय."

मागं माझा आवाज येत होता. इथली तार निघाली होती, पण प्रत तिकडं त्यांच्या पेटीत होती. ती आल्याच्या चहावर काहीतरी बोलून हसली. मी तशी हसत नाही, पण हसले असते तर तशीच हसले असते.

"काकू, ती मी नाही. तुमच्या पेटीवर निळा दिवा लागलाय, बघा."

"दिसतोय की," काकू म्हणाल्या. त्यांच्या पेटीला कुंकू नव्हतं. तो दिवा पहिल्या बुधवारपासून त्यांच्या डोळ्यांसमोर होता. "दिव्याचं काय एवढं? ती शहाण्यासारखं बोलतेय ना. तू फोनवर हे असं तडातडा बोलतीस, त्याचंच मला वाईट वाटतं बघ. तिच्यासारखं जरा शिकून घे. अजून वेळ आहे लग्नाला."

इतका वेळ मला राग होता. तो त्या वाक्यासरशी निघून गेला आणि खाली नुसता वीट उरला. या बाईचा, समुद्रात बसलेल्या तुसड्याचा, माझ्या बापाच्या "बरं"चा.

"शिकायची गरज नाही, काकू," मी म्हटलं. "तिलाच सून करून घ्या. अंगठी कुरिअरनं पाठवते, तिच्या बोटात तुम्हीच घाला."

मी फोन ठेवला. अंगठी काढायला साबण लागला. ती निघाली तेव्हा बोटावर पांढरट खूण राहिली होती. बाहेर येऊन पाहते तर आई पेटीमागं वाकली होती. मला वाटलं, शेंगा गोळा करतेय. वाटलं, आता उठेल आणि निदान पाठीवर हात तरी ठेवेल. मी तिथंच उभी राहिले, ओले हात पुसत.

आईनं जमिनीवरची तार उचलली, पदरानं तिचं टोक पुसलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "ही कुठल्या भोकात बसते गं?"